जव्हारचा पाऊस आणि आटणाऱ्या विहिरी

जव्हार-मोखाडा परिसरात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात तेथील पाड्यांवरच्या स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दऱ्या उतराव्या लागतात. पाऊस फार तेथे पाणी फार, हा ग्रह इतका स्वाभाविक आहे की, या टंचाईचे कारण ऐकणारा प्रथम माणसांच्या आळसातच शोधू लागतो.

पाऊस व भूजल यांच्या संबंधाविषयीची फसगत जुनी आहे. युरोपात मात्र ती उलट दिशेने झाली. बारमाही वाहणाऱ्या नद्यांना पावसाचे पाणी पुरणे शक्य नाही, समुद्राचेच पाणी भूमिगत मार्गांनी डोंगरांत चढत असले पाहिजे, असे तेथील अनेक विद्वानांस वाटे. १६७४ साली प्येर पेरो याने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यातील पावसाचा हिशेब मांडला, तेव्हा तो नदीच्या वार्षिक प्रवाहाच्या सुमारे सहापट भरला. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेत, आकाशातून पडणारे पाणी एकाच चवीचे असून भूमिभेदाने ते निरनिराळे होते, असे सहाव्या शतकातच म्हटले होते. मोजमाप नव्हते, पण दिशा बरोबर होती.

पेरोचा हिशेब वर्षाचा होता. जव्हारला नडतो तो महिन्यांचा. बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. खाली आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला बेसाल्ट. या घट्ट खडकात पाणी राहते ते केवळ भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. ही तुटपुंजी जागा पावसाळ्याच्या पूर्वार्धातच भरते, व पुढचा पाऊस कितीही पडला तरी ओढ्यांना मिळतो. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतावे, तसाच हा प्रकार होय. शिवाय साठलेले पाणीही स्थिर नसते. भूजलाचा वेग त्याच्या पातळीच्या उतारावर अवलंबून असतो, हे आंरी दार्सी याने १८५६ साली मांडलेल्या नियमावरून कळते. जव्हारसारख्या तुटक पठारावर तो उतार तीव्र असल्याने मुरलेले पाणीही झऱ्यांवाटे दरीत निघून जाते. ‘पाणी मुरते आहे’ असे मराठी माणूस संशयाने म्हणतो. मोखाड्यात ते थोडे अधिक मुरते तर बरे झाले असते!

दरीतले पाणी अडविता येते, हे वैतरणेच्या खोऱ्यात दिसून आले आहे. १९५७ साली मोडकसागर आणि २०१४ साली मध्य वैतरणा ही धरणे झाली. त्यांचे पाणी मुंबईस जाते. पठारावरील पाड्यांसाठी ते वर चढवावे लागेल. तूर्त मे महिन्यात तेथे टँकर जातो.