रोहिण्यांतील थर आणि फलटणची करडई

शेतीच्या जाणकारांना फलटण परिचित आहे ते करडईमुळेही. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे बिनकाटेरी वाण विकसित केले. करडईच्या तेलाला शहरी बाजारात ‘हृदयाचे तेल’ अशी ख्याती लाभली. ती कितपत रास्त आहे, हे ठरविण्यापूर्वी रोहिणीत नेमके काय घडते, ते पाहावे लागेल.

उच्च रक्तदाब, तंबाखू व मधुमेह यांमुळे रोहिणीचे आतील अस्तर दुखावते. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण त्याखाली शिरतात. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तेथेच मरतात. त्यांचा मेदयुक्त गर साठतो, त्यावर तंतुमय आवरण चढते आणि पुढे कॅल्शियमही जमते. तरुणपणी सुरू झालेली ही क्रिया कित्येक दशके निमूटपणे चालते. नळात गाळ साचावा, तसा हा प्रकार नाही. थर भिंतीच्या आत असतो. त्यामुळे ‘नसा धुऊन काढणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. शिवाय झटका मोठ्या अडथळ्यामुळेच येतो, असेही नाही. मध्यम थराचे पातळ आवरण फाटले, की त्यावर रक्ताची गुठळी धरते व काही मिनिटांत रोहिणी बंद होऊ शकते. म्हणूनच आदल्या दिवसापर्यंत धडधाकट वाटणारा माणूस अचानक कोसळतो.

आता तेलाविषयी. पारंपरिक करडई तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. तूप वा वनस्पती तुपाऐवजी ते वापरल्यास एलडीएल उतरते, हे खरे. मात्र सिडनी येथे १९६६ ते १९७३ दरम्यान ४५८ हृदयरुग्ण पुरुषांवर झालेल्या प्रयोगाची आकडेवारी २०१३ मध्ये पुन्हा तपासली गेली, तेव्हा करडई तेल घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक आढळले. त्या गटाला दिलेल्या मार्गरीनमधील ट्रान्स फॅटचा हा परिणाम असावा, असा आक्षेप घेतला गेला. वाद काहीही असो, तेल बदलले म्हणजे गोळ्या सोडता येतात, हा समज धोकादायक आहे.

स्टॅटिन औषधांचा पुरावा अधिक भक्कम आहे. ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीत १९९४ मध्ये मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जादा मात्रेने थर काहीसा आक्रसतो, नाहीसा होत नाही; आवरण मात्र बळकट होते. अहवालात कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ आले, की अनेक जण गोळी परस्पर बंद करतात. पण तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो.