नाममुद्रेवाचून अभंग : ‘संत तुकाराम’ आणि कर्तृत्वाचा प्रश्न

प्रारंभीच्या मराठी बोलपटांचे मूल्यमापन बहुधा दिग्दर्शन, अभिनय आणि लोकप्रियता या अंगांनी झाले आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र वाङ्मयेतिहासापुढेही एक प्रश्न उभा करतो. तो संतकाव्याच्या कर्तृत्वाचा प्रश्न आहे.

विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. त्याच्या प्रभावाची खरी खूण मात्र वेगळीच आहे. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टांतातून अद्वैत सुचविणारे एक पद शांताराम आठवले यांनी या बोलपटासाठी रचले. केशवराव भोळे यांच्या संगीतात विष्णुपंत पागनीसांनी ते गायिले आणि अनेक श्रोत्यांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारले.

अभंगाचा कर्ता परंपरेने नाममुद्रेवरून ओळखला जातो. प्रक्षिप्त रचनाही ‘तुका म्हणे’ ही अक्षरे धारण करूनच तुकोबांच्या नावावर जमा होतात. आठवले यांच्या पदात ही मुद्राच नाही. अर्थात, शब्दांनी न केलेले काम येथे पागनीसांच्या मुखाने आणि स्वराने केले. पडद्यावरील गायक हीच त्या पदाची नाममुद्रा ठरली.

या घटनेतील विरोधाभास लक्षणीय आहे. तुकोबांचे काव्य आपले म्हणून मिरविणारा सालोमालो हा याच बोलपटातील खलपुरुष. सालोमालो परक्या रचनेवर आपले नाव घालतो. आठवले यांची रचना मात्र त्यांच्या हातून सुटून तुकोबांच्या नावावर जाते. पहिल्या कृतीला परंपरा चौर्य मानते, दुसरीला ती सहज सामावून घेते.

हे केवळ अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील मुद्रित गाथांनी अभंगाला स्थिर संहिता दिली; चाल आणि गळा मात्र छापील पानाबाहेरच राहिले. ते कीर्तन-भजनात जिवंत होते. बोलपटाने तेच ध्वनिमुद्रित करून दूरवर पोहोचविले आणि मौखिक परंपरेची भर घालण्याची शक्तीही त्यांच्यासोबत आली.

तथापि ही भर निरपेक्ष नाही. अद्वैतानुभवाचे अभंग गाथेत आहेत. पण देव आणि भक्त यांच्यातील द्वैतच हवे म्हणणारे, देवाशी भांडणारे तुकोबाही तिथेच आहेत. लोकमानसाने तुकोबांच्या नावावर जमा केलेले पद शांत, निर्विवाद आणि कलहरहित आहे. समाजाला कोणते तुकोबा हवे होते, याची साक्ष त्या निवडीत सापडते. म्हणून हे पद गाथेबाहेर ठेवणे संहिताचिकित्सेला क्रमप्राप्त असले, तरी तुकोबांच्या अभिग्रहणाच्या इतिहासातून ते वगळता येणार नाही. त्या इतिहासात ते शांताराम आठवले यांच्या नावानिशी नोंदले जावे, एवढे ऋण अभ्यासकांकडे उरते.