चाती आणि माणूस : एम्प्रेस मिलचा एक धडा

नागपूरचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भोसल्यांचा दरबार, सीताबर्डीची लढाई आणि १९२० चे काँग्रेस अधिवेशन ही चित्रे उभी राहतात. ह्या गोष्टी मोठ्या आहेत, ह्याबद्दल वाद नाही. परंतु ह्या शहराच्या वस्त्यांना आणि रोजच्या जिण्याला ज्या एका घटनेने नवे वळण दिले, ती दरबारातही घडली नाही आणि रणांगणावरही घडली नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जुम्मा तलावाजवळ एका कापडगिरणीची यंत्रे सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’ पडले.

कामगारांना दिलेल्या सुखसोयींचा आणि कारखान्यातील नव्या सुधारणांचा परस्परांशी काही संबंध असतो काय, हा आजचा आपला प्रश्न आहे. आज मिहानमध्ये संगणक-कंपन्यांची प्रशस्त आवारे उभी आहेत. माणसाला सोयी दिल्या की त्याची बुद्धी खुलते आणि नव्या कल्पना जन्माला येतात, असे त्या क्षेत्रात सांगितले जाते. हा सिद्धांत आपल्याच शहराच्या जुन्या अनुभवावर घासून पाहण्यासारखा आहे.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. सारे भांडवलदार मुंबईकडे धावत असता हे गृहस्थ नागपूरला का आले? कारण सरळ होते. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ पासून आगगाडी दारात. घेतलेली जागा मात्र दलदलीची. ती भरून काढताना पाहून एका सावकाराने, हा मनुष्य सोने मातीत घालतो आहे, म्हणून पैसे देण्याचे नाकारले. पुढे त्यानेच, ह्याने माती घालून सोने काढले, अशी कबुली दिली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे.

सोने एकदम निघाले नाही, हे मात्र आख्यायिका सांगत नाही. पहिली यंत्रे हलकी होती आणि मालही हलकाच निघाला. गिरणीचा कारभार बेझनजी मेहता ह्यांच्याकडे होता. ते रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. सुताचा धागा त्यांना ठाऊक नव्हता, पण माणसे आणि हिशेब ठाऊक होते. यंत्रांची बाजू लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी पाहत. पहिल्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद पाडले. भारतीय मजूर चळवळीच्या इतिहासात हा संप अगदी आरंभीच्या संपांपैकी एक म्हणून नोंदला गेला आहे. एम्प्रेस मिलचा इतिहास औदार्यापासून सुरू होत नाही, तंट्यापासून सुरू होतो. हे आधी ध्यानात घ्यावे.

आता यंत्राकडे वळू. त्या काळी लँकेशायरात ‘म्यूल’ नावाच्या साच्याचे राज्य होते. त्याची गाडी पुढे जाई तेव्हा सूत ओढले जाई व पिळले जाई, आणि मागे येई तेव्हा ते गुंडाळले जाई. एक काम चालू तर दुसरे बंद. त्यावर मुरलेला, कसबी कारागीर लागे. अमेरिकेत निघालेल्या ‘रिंग’ साच्यात पीळ देणे व गुंडाळणे ही दोन्ही कामे अखंड चालत. चाती अधिक वेगाने फिरे आणि साधे शिक्षण मिळालेला कामगारही तो साचा सांभाळू शके. लँकेशायरचे गिरणीवाले मात्र त्याकडे साशंकपणे पाहत होते. त्यांच्याजवळ पिढीजात कसबी कारागीर होते आणि बारीक सुताची बाजारपेठ होती. त्यांना घाई कशाची? १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नागपुरात ह्या साच्यांची परीक्षा झाली. आधी थोडे साचे चालवून पाहिले, उत्पादन मोजले आणि मग जुनी यंत्रे काढून नवी बसवली. नागपूरचा आखूड धाग्याचा कापूस आणि जाडेभरडे सूत ह्यांना रिंग मानवली. जपानही लवकरच त्याच वाटेने गेला.

परंतु अखंड चालणाऱ्या यंत्राला अखंड येणारा माणूस लागतो. येथेच खरी अडचण होती. गिरणीतला मजूर आजूबाजूच्या खेड्यांतून आलेला. पेरणी आली, लग्न आले, जत्रा आली की तो गावी जाई. खाडे इतके होत की बदलीची माणसे हाताशी ठेवल्यावाचून खाती चालत नसत. दंडाने हे थांबेना. तेव्हा बेझनजींनी दुसरा मार्ग धरला. दरसाल बक्षीस-समारंभ होऊ लागला. नियमित व कुशल कामगारांना रोख रकमा, कापड, घड्याळे मिळू लागली. १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला. १८९५ पासून अपघातात सापडलेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली. पुढे प्रॉव्हिडंट फंड, स्वस्त धान्य, दवाखाना आणि स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर अशी भर पडत गेली. भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे नागपूर किती पुढे होते हे कळते.

ह्या सनांचा क्रम नीट पाहावा. रिंग साचा आधी आला, पेन्शन मागून आली. तेव्हा सवलतींमुळे सुधारणा जन्मली असे इतिहास म्हणू देत नाही. सुधारणा जन्मली ती परीक्षा घेऊन पाहण्याच्या वृत्तीतून. सवलतींनी तिला मूळ धरू दिले. माणूस टिकला म्हणून हात तयार झाला. हात तयार झाला म्हणून नवे यंत्र फळाला आले.

काही ठिकाणी तर सोय आणि सुधारणा एकच होती. नागपूरचा उन्हाळा आपणास सांगावयास नको. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होऊन तुटतो. एम्प्रेस मिलने हवेत ओलावा आणणारी यंत्रे बसवली. धागा टिकला आणि होरपळणाऱ्या कामगारालाही गारवा मिळाला. अर्थात ह्यालाही मर्यादा आहे. लँकेशायरात हाच ओलावा इतका वाढवला गेला की कामगारांच्या आरोग्यासाठी १८८९ साली त्यावर कायद्याने बंधन घालावे लागले. धाग्याला जे मानवते ते माणसाला मानवेलच असे नाही.

ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सवलत ही मालकाने दिलेली देणगी होती, कामगाराचा हक्क नव्हता. बक्षीस कोणाला द्यावे हे वरून ठरे. ह्याच गिरणीच्या यंत्रांनी निघालेले कापड नागपूर-उमरेडच्या कोष्टी विणकरांच्या पोटावर आले. उलट, ज्या महार समाजाला गावात मानाचे काम मिळत नव्हते, त्यातील पुष्कळांना गिरणीत रोख मजुरी मिळाली आणि त्या पैशाबरोबर शिक्षणाची व संघटनेची आकांक्षाही आली. जमाखर्चाच्या वहीत हे आकडे सापडत नाहीत, तरी नागपूरच्या पुढील सामाजिक इतिहासात ते जागोजाग दिसतात.

१९८६ मध्ये गिरणी शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जुन्या जागेवर आता बाजारसंकुल उभे आहे. पण तिच्या आरंभीच्या काळाने घालून दिलेला धडा आजच्या कारखानदाराने घेण्यासारखा आहे. नुसत्या सोयींनी शोध लागत नाहीत आणि नुसत्या यंत्रांनी कारखाने चालत नाहीत. नवे करून पाहण्याचे धाडस वरच्यांनी दाखवावे, पण त्या धाडसाची किंमत खालच्यांच्या अंगावर टाकू नये. उद्याची भाकरी आणि म्हातारपणचा आधार पक्का असलेला मनुष्यच नव्या यंत्राला न भिता हात लावतो.