सायकलवरून बाजारहाट : ओझे कोठे लादावे, कसे बांधावे

गोव्यातील गावांत उजाडण्याच्या सुमारास रबरी भोंग्याचा ‘पों-पों’ आवाज आला की पोदेर आला हे कोणाला सांगावे लागत नाही. सायकलच्या कॅरिअरवर बांबूची भलीमोठी पाटी, तिच्यावर ताणून बांधलेले प्लास्टिक आणि आत पाव, उंडे, पोळ्या व काकणे असा हा फिरता बाजार दारोदार जातो. पोर्तुगीज भाषेतील ‘पाव करणारा’ या अर्थाच्या शब्दावरून ‘पोदेर’ हे नाव रूढ झाले. अलीकडे अनेक पोदेरांनी मोटारसायकल घेतली आहे. तरीही सायकलवरून माल वाहण्याची कला ज्यांच्या हातात अजून टिकून आहे, अशा थोड्या लोकांत पोदेराची गणना करावी लागते. दूधवाला, घरगुती गॅसच्या टाक्या पोहोचविणारा कामगार, मुंबईचा डबेवाला हे त्याच बिरादरीतील.

या मंडळींची सायकल आणि आज दुकानात मिळणारी नवी सायकल शेजारी उभ्या केल्या तर फरक चटकन लक्षात येतो. नव्या सायकलला गिअर असतात, पुढे झटके शोषणारा काटा असतो. पण कॅरिअर नसते, मडगार्ड नसते आणि धड उभी राहील असा स्टँडही नसतो. ती व्यायामासाठी घडविलेली असते. तिच्यावरून कोणी बाजारात गेले की सामानाच्या पिशव्या हँडलला अडकविण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि नेमके तेथेच अपघाताचे बीज असते. प्रस्तुत लेखकाची कांद्याची पिशवी अशीच एकदा पुढच्या चाकाच्या तारांत गुंतली. चाक जागीच थांबले, सायकलस्वार मात्र थांबला नाही. मागून वाहन येत नव्हते, म्हणून प्रकरण हाताच्या कोपरावर निभावले.

सायकलला कॅरिअर बसविणे ही मूलतः दुरुस्तीची नव्हे, सुधारणेची गोष्ट आहे आणि ती स्वस्तात होते. परंतु त्याआधी ओझ्याचे शास्त्र थोडे समजून घ्यावे.

सायकलस्वार बसला की एकूण वजनाचा सुमारे 60 टक्के भाग मागच्या चाकावर येतो. ओझे कॅरिअरवर ठेवले की हा भाग आणखी वाढतो. हे ओझे मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, म्हणजे सीटकडे सरकवून ठेवले, तर सायकल ते मुकाट्याने वाहते. तेच आसाच्या मागे गेले की पुढचे चाक हलके होते, हँडल भरकटू लागते आणि खड्ड्यावरून जाताना सायकलचे शेपूट हलल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट उंचीची. वजन जितके खाली, तितकी सायकल तोलायला सोपी. गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या सायकली पाहाव्यात. भरलेल्या टाकीत वायूच 14.2 किलो असतो. टाकीचे वजन धरले तर ते 30 किलोंच्या आसपास जाते. हे कामगार टाकी कॅरिअरवर उभी ठेवत नाहीत, तर लोखंडी आकड्यांनी चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवितात. दुधाच्या किटल्यांचीही तीच रीत.

मग पोदेराची पाटी एवढी उंच कशी, असे कोणी विचारील. पाव आकाराने मोठा, पण वजनाने हलका असतो. पाटी कितीही डोलदार दिसली तरी तिचे वजन सायकलस्वाराच्या मानाने थोडेच असते. म्हणजे फुगीर व हलके सामान वर चालते. जड सामान मात्र वर चालत नाही. तांदूळ, साखर, तेल, नारळ, कांदे-बटाटे खाली आणि दोन्ही बाजूंना. पालेभाजी, पाव, फरसाण वर, असा साधा नियम धरावा.

दोन्ही बाजूंना सामान लटकविण्यासाठी मराठीत एक जुना व नेमका शब्द आहे, पडशी. दोन तोंडांची, मधोमध खांद्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर टाकायची पिशवी म्हणजे पडशी. सायकलसाठी आज दुकानांत महागड्या जलरोधक पडशा मिळतात. पण जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या रुंद पट्ट्याने जोडून शिंप्याकडून शिवून घेतल्या तरी काम भागते. त्यांच्या आतल्या बाजूला, चाकाकडे, पातळ फळी किंवा जाड पुठ्ठा घालावा. नाहीतर पिशवी आत झुकून तारांना घासते. पिशवी फार पुढे बसविली तर पॅडल मारताना टाच तिला लागते, म्हणून विकत घेण्यापूर्वी सायकलवर बसून पाहावे. दोन्ही बाजूंचे वजन जवळपास सारखे असावे. एका बाजूला पाच किलोंची तांदळाची पिशवी आणि दुसरीकडे कोथिंबिरीच्या जुड्या असतील, तर सायकल रस्त्याच्या एका कडेला ओढत राहील.

कॅरिअर घेताना त्यावर कोरलेला आकडा वाचावा. बऱ्याच नव्या कॅरिअरवर ते किती किलो पेलते हे लिहिलेले असते. 25 किलोंचे कॅरिअर घरच्या बाजारासाठी पुरेसे होते. सीटच्या दांड्याला एकाच ठिकाणी पकडणारी, खाली आधार नसलेली कॅरिअर दिसायला सुबक असतात, पण ती पावसाळी कोट आणि डबा यांच्यासाठी आहेत. आसाजवळ दोन्ही बाजूंनी पाय टेकलेले कॅरिअरच खरे.

बांधण्यासाठी हुक असलेली रबरी दोरी सर्वत्र मिळते. ती सोयीची असली तरी तिचा एक दोष आहे. खड्ड्यात आदळताना रबर ताणले जाते, सामान उडते आणि परत बसताना सरकते. जड गोणीला सुतळी किंवा जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी अधिक विश्वासू. दोरी एकदा आडवी व दोनदा तिरकी न्यावी आणि तिचे सुटे टोक आत खोचून टाकावे. लोंबणारे टोक चेनमध्ये किंवा तारांमध्ये अडकणे हे पिशवी अडकण्याइतकेच घातक असते. साडीचा पदर आणि ओढणी यांनाही हाच धोका आहे. जुन्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकावर जाळी का ताणलेली असे, हे यावरून कळावे.

हँडलवर पुढे बसविलेली तारेची टोपली चालते, पण चार-पाच किलोंच्या आत. अंडी, टोमॅटो, औषधे, कुलूप आणि पाण्याची बाटली यांच्यासाठी ती उत्तम. अंड्यांबाबत अनुभव असा की कॅरिअरवरील हादरे त्यांना सोसत नाहीत. त्यांना टोपलीत जाड कापडावर तरी ठेवावे किंवा पाठीवरच्या पिशवीत घ्यावे, कारण माणसाचे शरीर झटके शोषून घेते. मासळीसाठी झाकणाचा डबा हवा. बर्फाचे खारट पाणी चेनवर व कॅरिअरवर ठिबकले की आठवडाभरात गंज दिसू लागतो. किनाऱ्यालगतच्या हवेत तो तसाही टपलेलाच असतो. मासळी आणली त्या दिवशी एक तांब्या गोडे पाणी त्या भागावर ओतावे आणि वाळल्यावर चेनला तेल द्यावे.

आता चढउताराचा प्रश्न. गोव्यात सपाट रस्ता नदीकाठी आणि शेतांच्या कडेला असतो. पणजीहून रायबंदरकडे जाणारा जुना बांध किंवा कांपाल ते मिरामार हा पट्टा सायकलला जणू आंदण दिलेला आहे. याउलट पणजीतीलच आल्तिनो किंवा पलीकडचे पर्वरीचे पठार चढायचे म्हटले की गणित बदलते. 20 किलो सामान सपाट डांबरी रस्त्यावर ओढायला जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाइतकी जादा ओढ लागते. ती जाणवतही नाही. पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची चढताना, तेच सामान आणखी एक किलोच्या ओढीने सतत मागे खेचते. म्हणून जाताना चढ व येताना उतार, अशा मार्गाने बाजार गाठता आला तर पाहावे, मग तो रस्ता थोडा लांबचा का असेना. एकाच गिअरच्या जुन्या सायकलला मागचे 18 दात्यांचे फ्रीव्हील काढून 20 दात्यांचे बसविले, तर चढ सुमारे दहा टक्क्यांनी हलका होतो. सपाटीवर वेग तेवढाच कमी होईल. बाजार करणाऱ्याला त्याची फारशी पर्वा नसावी.

आणि चढ झेपत नसेल तर उतरून सायकल ढकलावी. यात कमीपणा काहीच नाही. सायकलने आजवर वाहिलेली सर्वांत मोठी ओझी ढकलतच नेलेली आहेत. 1954 साली व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या वेढ्यात फ्रेंच सैन्याविरुद्ध लढणाऱ्यांनी डोंगरवाटांनी धान्य व दारूगोळा सायकलींवरून नेला. हँडलला आणि सीटच्या दांड्याला बांबू बांधून माणूस शेजारून चालत असे आणि एकेका सायकलवर दोनशे किलोंपर्यंत माल लादलेला असे. झारखंडमध्ये कोळशाच्या गोण्यांनी लगडलेल्या सायकली ढकलत नेणारे मजूर आजही दिसतात. ते दृश्य कौतुकाचे नाही, गरिबीचे आहे. पण सायकलच्या सांगाड्यात किती बळ असते याची कल्पना त्यावरून येते. घरी 25 किलोंची तांदळाची गोणी न्यायची असेल, तर ती सांगाड्याच्या त्रिकोणात आडवी ठेवून ढकलत नेणे हा आपल्याकडील खेड्यांतला जुना आणि सर्वांत सुरक्षित उपाय आहे.

चढापेक्षा उतार फसवा. 60 किलोंचा माणूस आणि 20 किलोंची सायकल मिळून 80 किलो होतात. त्यात 20 किलो सामान आले की वजन चतुर्थांशाने वाढले. ब्रेकची पकड तीच राहिली, तर थांबायला लागणारे अंतरही चतुर्थांशाने वाढते. लोखंडी रिम पावसात भिजली की रबरी गुटका तिच्यावरून नुसता घसरतो. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, हे ध्यानात घेतले तर ही बाब किरकोळ नाही. ओल्या उतारावर आधीपासूनच दोन्ही ब्रेक हलके दाबत राहावे, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते व गुटका लवकर धरतो. फेरीबोटीच्या धक्क्यावर मात्र कोणताही ब्रेक कामाचा नाही. रायबंदर–चोडण किंवा जुने गोवे–दिवाडी अशा फेऱ्यांतून सायकल नेता येते. पण शेवाळलेल्या उतरणीवर सामानासह बसून उतरण्याचा मोह टाळावा.

मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर ओझ्याखाली ट्यूब रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. पंक्चरवाला हे पाहताच ‘हवा कमी होती’ असे सांगतो ते त्यामुळेच. किती हवा भरावी हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. बाजाराच्या दिवशी मागचे टायर त्या मर्यादेच्या जवळ ठेवावे.

लादण्याची जागा म्हणजे स्टँड. एका पायाच्या स्टँडवर झुकलेली सायकल सामान चढविताना हमखास कलंडते, आणि मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, भर गर्दीत, हळसांदे वेचत बसण्याची पाळी येते. जुन्या काळ्या सायकलचा दोन पायांचा, मागचे चाक उचलून धरणारा स्टँड यासाठीच होता. तो नव्या सायकललाही बहुधा बसविता येतो. चढविताना व उतरविताना थोडे या बाजूचे, थोडे त्या बाजूचे, असा क्रम ठेवावा.

नवी सायकल घेणाऱ्याने दुकानदाराला पहिला प्रश्न गिअरचा न विचारता हा विचारावा : मागच्या आसाजवळ कॅरिअरचे पाय बसविण्यासाठी आट्यांची भोके आहेत काय? ती असतील तर उरलेले सर्व नंतर जोडता येते. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे; वाचलेल्या पैशांत कॅरिअर, मडगार्ड आणि मागचा लाल दिवा यांची बेगमी होऊ शकते. घरात पडून असलेली बावीस किंवा चोवीस इंची जुनी सायकल असेल, तर खरेदीचीही गरज नाही. तिला टायर, ट्यूब, ब्रेकचे गुटके आणि चेन नवी घालावी. कॅरिअर तिच्यावर आधीपासूनच आहे.

सायकलला परवाना लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. वाहन चालविण्याचे वय न झालेली मुले, दृष्टी किंवा वय यांमुळे स्कूटर सोडून दिलेले ज्येष्ठ आणि बसच्या दोन फेऱ्यांमध्ये तासभर ताटकळणाऱ्या वाड्यांवरील गृहिणी यांना कोणाच्या मिनतवाऱ्या न करता दुकान, टपाल कचेरी किंवा गिरण गाठता येईल असे ते एकमेव वाहन आहे. दळणाचा डबा न्यायचा असेल, तर तो कॅरिअरवर उभा न ठेवता पडशीत बसवावा, झाकण सुतळीने बांधावे आणि परतताना पीठ गरम असल्यामुळे डब्यावर प्लास्टिक गुंडाळू नये. आत वाफ धरते.