भीतीचा आवाज : मालाड ते महाबळेश्वर

1949 सालच्या 'महल'मध्ये घड्याळात दोनचे ठोके पडतात आणि ओसाड वाड्यात कुठूनतरी एका बाईचं गाणं ऐकू येतं. अशोक कुमार तिला शोधत फिरतो; थिएटरातल्या प्रत्येकाचे कान त्याच्याबरोबर टवकारतात.

चित्रपट मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. आवाज दुरून येतोय असं भासवायला आजच्यासारखी यंत्रं तेव्हा नव्हती. म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला गेला आणि तरुण लता मंगेशकर लांबच्या कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी गात, एकेक पाऊल टाकत माइकपाशी आल्या. भूत दाखवायची गरजच उरली नाही. रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ते पात्राचं : कामिनी.

आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही, तोवर जीव टांगणीला लागलेला असतो. आवाज एकाएकी थांबला तरी तेच होतं. कसाऱ्याच्या अलीकडे, शहापूर तालुक्यातल्या उंबरमाळीसारख्या गावात पावसाळी रात्री रातकिडे अखंड किरकिरतात. कोणी जवळ आलं की तेवढ्या भागातले किडे गप्प होतात, आणि रानाकडेला राहणारा माणूस त्या शांततेनेच सावध होतो. हिचकॉकलाही 'सायको'तला (1960) न्हाणीघरातला खून संगीताविना हवा होता; बर्नार्ड हरमनची किंचाळणारी व्हायोलिनं ऐकल्यावर त्याने मत बदललं.

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा मात्र शांततेवर फारसा विश्वास नव्हता. 'दो गज जमीन के नीचे' (1972) त्यांनी महाबळेश्वरला चित्रित केला. भावाभावांत कामं वाटलेली : तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला. करकरणारी दारं, घोंगावणारा वारा, विजांचा कडकडाट यांनी त्यांचे चित्रपट गच्च भरले. पण भीतीला रंग चढतो न चढतो तोच गाणं किंवा विनोदी प्रसंग यायचा आणि सगळा ताण उतरायचा.

2003 साली राम गोपाल वर्मांनी 'भूत'मध्ये गाणीच ठेवली नाहीत. मुंबईच्या उंच इमारतीतला एक फ्लॅट आणि नेहमीचे घरगुती आवाज, एवढ्यावर त्यांनी प्रेक्षकाला खुर्चीला खिळवलं. हा निर्णय रामसेंच्या सगळ्या गडगडाटापेक्षा धाडसी होता.

तरीही रामसेंची आठवण निघाली की त्यांच्या भुतांच्या मुखवट्यांबरोबर किरण रामसेंचंही नाव घ्या. त्यांचे चित्रपट पाहणाऱ्या पिढीने डोळे मिटून घेतले, तरी कान तिला बंद करता आले नव्हते.