देणाऱ्या मुली : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

मराठीत स्त्रीजीवनाच्या इतिहासाचे दालन समृद्ध आहे. फुले दांपत्याच्या शाळा, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, कर्व्यांचा आश्रम, रमाबाई रानड्यांचे सेवासदन यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखनात मुलगी पानोपानी भेटते, पण बहुधा घेणारी म्हणून. तिला शिकवायचे असते, सांभाळायचे असते, वाचवायचे असते. दहा-बारा वर्षांची मुलगी स्वतः दुसऱ्यासाठी काय करते, पैसा कसा उभा करते, कोणत्या प्रश्नावर तोंड उघडू पाहते, याची नोंद मात्र फार थोडी सापडते. त्या मुलीच्या शोधात निघालेल्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तो इतिहासाचा विद्यार्थी असेल, शाळेतली शिक्षिका असेल, एखाद्या संस्थेतली कार्यकर्ती असेल. सर्वांचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे.

मुलींच्या संघटना अनेक आहेत. मी येथे मुख्यतः गर्ल गाइड चळवळीच्या आधाराने बोलणार आहे, कारण शतकभराहून अधिक काळ ती सलग चालली आहे, दीडशेच्या आसपास देशांत पसरली आहे आणि तिने सेवा, दान व लोकमत घडवण्याचे काम एकत्र केले आहे. शिवाय तिचे कागद टिकले आहेत. अभ्यासकाला याहून मोठी सोय दुसरी कोणती?

सुरुवातच मुलींनी केलेली आहे. सप्टेंबर 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बॉय स्काउटांचा मोठा मेळावा भरला. बोलावणे फक्त मुलग्यांना होते, तरी काही मुली स्काउटच्या टोप्या घालून तेथे हजर झाल्या आणि आपल्यालाही स्थान हवे म्हणाल्या. त्यानंतर स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी बहीण ॲग्नेस हिच्यावर जबाबदारी सोपवली आणि 1910 मध्ये गर्ल गाइड्स ही वेगळी संघटना उभी राहिली. योगायोग असा, की पुण्याचे सेवासदनही 1909 मधलेच.

पण मुलींनी मागितले म्हणून मिळाले, एवढ्यावर ही कथा संपत नाही. 1912 मध्ये गाइडांसाठी जे हस्तपुस्तक निघाले, त्याच्या उपशीर्षकातच साम्राज्याच्या उभारणीला मुली कशी मदत करू शकतील, हा विषय होता. प्रथमोपचार, स्वयंपाक, रुग्णसेवा हे सारे साम्राज्याच्या चौकटीत बसवलेले होते. भारतातले पहिले गाइड पथक 1911 मध्ये जबलपूरला निघाले, तेही युरोपीय मुलींसाठी. भारतीय मुलींना दार नंतर उघडले. देश स्वतंत्र झाल्यावर 7 नोव्हेंबर 1950 रोजी स्काउटांच्या वेगवेगळ्या संघटनांचे एकत्रीकरण झाले आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाइड्स त्यात सामील झाल्या. आज आपल्या शाळांत दिसणारी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संघटना अशी घडली. इतिहासकार क्रिस्टिन अलेक्झांडर यांनी आपल्या ग्रंथात इंग्लंड, कॅनडा आणि भारत या तीन ठिकाणच्या गाइड चळवळीचा एकत्र अभ्यास केला आहे. साम्राज्य आणि मुलींची मोकळीक ही दोन्ही सूत्रे एकाच गणवेशात कशी वागवली जात होती, हे त्यातून उमगते. या विषयात शिरणाऱ्याने तो ग्रंथ लवकर वाचावा असा माझा आग्रह आहे.

हा सारा पसारा वाचताना मला एक प्रश्न नेहमी उपयोगी पडला आहे : हे ठरवले कोणी? मुलींनी रस्ता झाडला, झाडे लावली, निधी गोळा केला, अशा बातम्या सगळीकडे असतात. त्या कामाची निवड मुलींनी केली होती, की वरून फर्मान आले होते? गाइडच्या पद्धतीत सहा-आठ जणींचा छोटा संघ असतो, संघनायिका त्यांच्यातलीच असते आणि कामाचा निर्णय पथकाच्या बैठकीत व्हावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा जेथे खरोखर पाळली गेली तेथे सेवा हे मुलीचे शिक्षण झाले. जेथे पाळली गेली नाही तेथे मुली पाहुण्यांच्या स्वागतासाठी रांगेत उभ्या राहिल्या, आणि तीही ‘सेवा’ म्हणूनच नोंदली गेली. अहवालात या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करणे हेच अभ्यासकाचे पहिले काम.

पैशाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. 1926 मध्ये अमेरिकेत भरलेल्या जागतिक परिषदेत 22 फेब्रुवारी हा दिवस जगभरच्या गाइडांनी एकमेकींची आठवण करण्यासाठी ठरवला. रॉबर्ट बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ऑलिव्ह या दोघांचाही तो जन्मदिवस. पुढे 1932 च्या पोलंडमधील परिषदेत विचार निघाला, की वाढदिवस म्हटला की भेट आली, तेव्हा प्रत्येकीने काही द्यावे. ऑलिव्ह बेडन-पॉवेल यांनी मुलींना पत्र लिहून एक पेनी मागितली. रक्कम इतकी लहान होती, की ती द्यायला वडिलांच्या खिशात हात घालावा लागू नये. आपल्याकडे हाच दिवस ‘चिंतन दिन’ म्हणून पाळला जातो. मात्र त्याच्या मुळाशी असलेली देणगीची कल्पना अनेक शाळांत प्रभातफेरी आणि भाषणांखाली झाकली गेली आहे. ती पुन्हा वर आणावी असे मला वाटते.

1940 मधला प्रसंग तर या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तपशिलाने पाहावा असा आहे. युद्धकाळात ब्रिटनमधील गाइडांनी एक निधी-सप्ताह केला. कमावत्या गाइडांनी अर्ध्या दिवसाचा पगार द्यायचा, आणि शाळकरी मुलींनी कामे करून तेवढे मिळवायचे, अशी योजना होती. जवळपास 50 हजार पौंड जमले. त्यातून रुग्णवाहक विमाने घेतली गेली आणि समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी एक नौकाही. ही नौका फ्रान्समधील डंकर्कहून सैनिकांना परत आणण्याच्या मोहिमेत आधीच जाऊन आली होती, म्हणून तिचे नाव ‘गाइड ऑफ डंकर्क’ ठेवले. पुढे ती कॉर्नवॉलच्या कॅडग्विथ येथे 1963 पर्यंत कामावर होती. मुलींनी भांडी घासून, बागा खुरपून मिळवलेल्या पैशांतून उभी राहिलेली ही वस्तू वीसहून अधिक वर्षे माणसे वाचवण्यासाठी सज्ज राहिली. दानाच्या इतिहासात धनिकांचे पुतळे पुष्कळ आहेत. या नौकेची नोंद त्यांच्याइतकीच ठळक व्हायला हवी.

त्याच युद्धाच्या अखेरीस ‘गाइड इंटरनॅशनल सर्व्हिस’ची प्रौढ पथके उद्ध्वस्त युरोपात गेली. बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीतून सुटलेल्यांमध्येही त्यांनी काम केले. मैदानात चूल मांडणे, पाणी शुद्ध करणे, थोडक्या सामानात दिवस काढणे ही शिबिरात शिकलेली कौशल्ये तेथे माणसांच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगी वापरली गेली. महाराष्ट्राचा संबंधही याच काळात जुळतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे 5 हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. तिकडे पोलंडमध्ये नाझी सत्तेने स्काउट-गाइड चळवळीवर बंदी घातली होती, आणि येथे पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश मुली आपली पथके चालवत होत्या. स्वतः सर्वस्व गमावलेल्या मुलींनी सेवेचे वचन घ्यावे, याचा अर्थ काय? मराठी आणि पोलिश दोन्ही साधने एकत्र ठेवून यावर लिहिणारा अभ्यासक आपल्याला हवा आहे.

आपल्या शाळांमध्ये दानाचे जे रूप रुजले ते ‘खरी कमाई’चे. कब-बुलबुल (लहान वयाचे गट) आणि स्काउट-गाइड यांनी श्रम करून पैसे मिळवायचे, हिशेब ठेवायचा. आज त्याचे सर्वात परिचित रूप म्हणजे शाळेच्या मैदानावरची भेळ, वडापाव, सरबताची दुकाने. येथेही तोच प्रश्न विचारावा. वडे आईने तळले, विकत बाबांनी घेतले आणि नफ्याचे काय करायचे ते मुख्याध्यापकांनी सांगितले, तर मुलीच्या वाट्याला कमाईतले काय आले? याउलट मुलीने बाजारातून साहित्य आणले, भाव ठरवला, तोटा सोसला आणि उरलेले पैसे कोणाला द्यायचे यावर मैत्रिणींशी वाद घातला, तर त्या एका दिवसात तिला अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र दोन्ही भेटतात. अमेरिकेतही हा प्रश्न आहेच. 1917 मध्ये ओक्लाहोमातील मस्कोगी येथे एका गर्ल स्काउट पथकाने घरच्या भट्टीत बिस्किटे भाजून विकली. पुढे ती व्यावसायिक बेकऱ्या बनवू लागल्या आणि उलाढाल प्रचंड वाढली. त्या उलाढालीत मुलीचा निर्णय किती उरला, यावर तिकडे गंभीर लेखन झाले आहे.

आता लोकमत घडवण्याचे काम. हे या क्षेत्रातले सर्वात अवघड अंग. सेवा करणारी मुलगी सर्वांना आवडते. प्रश्न विचारणारी मुलगी आवडतेच असे नाही. गाइड संघटना पक्षीय राजकारणापासून दूर राहतात, आणि ते योग्यही आहे. पण रस्त्यावरची छेडछाड किंवा घरातला मार हे विषय पक्षीय नाहीत. गर्ल गाइड्स आणि गर्ल स्काउट्सच्या जागतिक संघटनेने 2011 मध्ये मुलींवरील हिंसेविरुद्ध मोहीम सुरू केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन वुमेन’ या संस्थेच्या साथीने 5 ते 25 वयोगटासाठी वयानुसार आखलेला अभ्यासक्रम तयार केला. ब्रिटनमधील गाइड संघटना 2009 पासून दरवर्षी मुलींच्या मतांची पाहणी करते. 2013 मध्ये याच संघटनेने एका खपाऊ वृत्तपत्रातील अर्धनग्न छायाचित्रांविरुद्धच्या मोहिमेला पाठिंबा दिला, तोही तरुण सदस्यांचे मत घेऊन. मुलींना आधी विचारायचे आणि मग त्यांच्या वतीने बोलायचे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मुलींसाठीच्या योजनांवर इतकी चर्चा होते, पण मुलींना विचारलेल्या प्रश्नांची कागदपत्रे किती आहेत?

पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे जागतिक केंद्र आहे. ऑक्टोबर 1966 मध्ये ऑलिव्ह बेडन-पॉवेल यांच्या उपस्थितीत ते सुरू झाले. स्वित्झर्लंड, मेक्सिको आणि लंडन येथील केंद्रांच्या मालिकेतले हे आशियातले केंद्र. देशोदेशीच्या मुली येथे येऊन राहतात, पुण्यातल्या सामाजिक संस्थांबरोबर काम करतात. बाहेरून काही आठवड्यांसाठी आलेली तरुणी स्थानिक संस्थेला नेमके काय देते आणि तिच्याकडून काय घेऊन जाते, हा अभ्यास करायला पुणेकर संशोधकाला परदेशी जावे लागत नाही. गाइडशी तुलना करायची तर वर्ध्याला 1936 मध्ये सुरू झालेली राष्ट्र सेविका समिती आणि 1941 चे राष्ट्र सेवा दल ही साधनेही हाताशी आहेत. विचारसरणी निरनिराळ्या, पण मुलीला घराबाहेर, मैदानावर, इतरांच्या कामासाठी आणण्याचा प्रयत्न तिन्हींकडे दिसतो.

या सगळ्याचा मूळ ऐवज अजून घरांत आणि शाळांच्या कपाटांत पडून आहे : पथकाच्या नोंदवह्या, खरी कमाईचे हिशेब, शिबिरांची छायाचित्रे, पदके. साठ-सत्तरच्या दशकांत पथके चालवणाऱ्या गाइड कॅप्टन आज वार्धक्यात आहेत. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेल, तर तिच्याकडे जा, तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि त्या काळात कोणते काम करायचे हे मुली स्वतः कसे ठरवत, ते तिला विचारा. शाळेची जुनी वही रद्दीत जाणार असेल, तर ती थांबवा आणि जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात पोहोचवा.