तांड्याचा व्यापार: बैलांच्या पाठीवरून चाललेला देश

रेल्वे येण्यापूर्वीच्या भारतात धान्य आणि मीठ यांसारखा जड पण स्वस्त माल दूर न्यायचा, तर नाव, बैलगाडी आणि पाठीवर गोणी लादलेला बैल हीच मुख्य साधने होती. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात नावा चालत. दख्खनच्या नद्यांचा मात्र तसा उपयोग नव्हता. गोदावरी आणि कृष्णा पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातले खडक उघडे पडतात. नर्मदा तर धबधब्यांनी आणि खडकाळ उतारांनी जागोजाग अडवलेली. गाडीलाही अडचणी होत्याच. काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर चाक आसापर्यंत रुतते आणि सह्याद्रीच्या बहुतेक घाटांतून जनावर एकामागे एकच जाऊ शके. उरला बैल. त्याला रस्ता लागत नाही, वाटेत गवत आणि पाणी असले की पुरे. या बैलाच्या जोरावर उपखंडभर व्यापार करणाऱ्या लोकांना उत्तरेत बंजारा, मराठी मुलखात लमाण, कर्नाटकात लंबाणी, तेलुगू प्रदेशात लंबाडी किंवा सुगाळी म्हणतात. ते स्वतःला गोर म्हणवतात.

या व्यापाराची जुनी साक्ष दिल्लीच्या सुलतानांच्या काळात सापडते. अलाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) राजधानीतल्या धान्याचे भाव बांधून दिले तेव्हा धान्य वाहून आणणाऱ्यांनाही वेसण घातली. इतिहासकार बरनीच्या वृत्तांतानुसार त्यांच्या म्होरक्यांना अडकवून ठेवले गेले, एकमेकांना जामीन राहायला लावले गेले आणि त्यांची कुटुंबे यमुनेकाठच्या गावांत वसवली गेली. भावावर ताबा ठेवायचा तर वाहतुकीवर ताबा हवा, हे त्या सुलतानाला नेमके उमगले होते. पुढे चौदाव्या शतकातच सूफी संत शेख नसिरुद्दीन यांच्या संवादांत दिल्लीला दहा-वीस हजार बैलांवरून धान्य आणणाऱ्या नायकांचा उल्लेख येतो. ‘नायक’ ही तांडाप्रमुखाची पदवी आजही चालू आहे.

मोगल काळात चित्र अधिक स्पष्ट होते. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात बंजाऱ्यांची नोंद केली आहे: कुणाकडे हजार बैल, कुणाकडे कमी-जास्त, खेड्यांतले धान्य शहरात आणून विकणे आणि लष्कराबरोबर चालणे हा त्यांचा धंदा. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जाताना एका तांड्यापाशी आला. त्यात धान्य लादलेले १४ हजार बैल होते. बायकामुले तांड्याबरोबरच असत आणि दिवसाची मजल सहा-सात मैलांच्या पुढे जात नसे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या रांगा पाहिल्या. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर गाडीवाल्यांना तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. ताव्हर्निये असेही सांगतो की त्यांच्यात चार जमाती होत्या आणि धान्य, तांदूळ, कडधान्ये व मीठ यांपैकी एकेक जिन्नस एकेका जमातीने पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतला होता. ही विभागणी जरा जास्तच नीटनेटकी वाटते. जातींनी कामे वाटून घेतलेला देश पाहून परदेशी प्रवाशाने तोच साचा इथेही बसवला असावा. प्रत्यक्षात जिकडे ज्या मालाला भाव, तो माल तिकडे जाई.

दिवसाला सहा-सात मैल ही गती हास्यास्पद वाटेल, पण धंद्याचे गणित त्यातच होते. बैल चरत चरत चालत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य. चालणारे सगळे घरचे, म्हणून मजुरी नाही. गती वाढवली की बैलाला दाणावैरण घालावी लागणार आणि स्वस्त मालाची वाहतूक परवडेनाशी होणार. रेशीम, नीळ असा किमती माल गाडी किंवा उंट घेऊन जाई. धान्यासारखा माल मात्र शेकडो मैल जायचा, तर तो बंजाऱ्याच्या बैलावरूनच. गवतावर चालणाऱ्या या वाहतुकीची एक मर्यादाही होती. अवर्षणात पीक जाई तसे गवतही जाई, वाटेवरची तळी आटत आणि ज्या वर्षी दूरचे धान्य सर्वांत जास्त हवे, त्याच वर्षी ते आणणारा बैल अडून बसे. १६३०–३२ च्या गुजरात-दख्खनच्या भीषण दुष्काळात माणसे मोठ्या संख्येने मेली, त्यामागे हेही एक कारण होते.

मिठाचा मार्ग समजला की देशाचा नकाशाच वेगळा दिसू लागतो. धान्य बहुतेक ठिकाणी पिकते, मीठ मोजक्या जागी. राजस्थानातले सांभर सरोवर, कच्छचे रण, कोकणातली मिठागरे आणि पूर्व किनाऱ्यावरचे आगर अशा ठिकाणांहून मधल्या अफाट मुलखाला मीठ पुरवायचे. बंजारे किनाऱ्याकडे धान्य नेत आणि परतताना मीठ भरून आणत, म्हणजे बैल रिकामा चालत नसे. बस्तरच्या जंगलात पूर्व किनाऱ्याचे मीठ याच लोकांनी पोहोचवले आणि त्याच्या बदल्यात रानातला माल बाहेर काढला. वऱ्हाडाचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीहून सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला बैलांवर जाई आणि तिथून नावांनी गंगेतून पुढे. मुंबई बंदर वऱ्हाडाला जवळ, पण मधे घाट. जवळचे बंदर सोडून कापसाने गंगेची वाट धरावी, इतके या देशातले अंतर मैलांपेक्षा चढ-उतारांवर ठरत असे.

तांडा म्हणजे चालते गाव होते. दसरा-दिवाळीनंतर वाटा सुकल्या की तो निघे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कुरण आणि पाणी पाहून थांबे. मुक्कामाला गोण्या एकावर एक रचून भोवती भिंत केली जाई, आत माणसे आणि जनावरे, बाहेर राखणीची कुत्री. न्यायनिवाडा नायक आणि जाणत्यांच्या ‘नसाब’ नावाच्या पंचायतीत होई. सर्वांच्या पुढे एक देवाचा बैल चाले. रेशमी वस्त्र, कवड्या आणि घुंगरांनी सजवलेल्या या बैलावर ओझे घालत नसत. तो जिथे बसेल तिथे मुक्काम पडे आणि आजाऱ्यासाठी त्याला नवस बोलला जाई.

हे सगळे एकाच जातीचे लोक नव्हते. चारण, मथुरिया, लभाण, धाडी अशा त्यांच्यात शाखा होत्या आणि रोहिलखंडात मुसलमान बंजारेही होते. शीख इतिहासातही दोन नावे ठळक आहेत. गुरू तेगबहादूर यांची ओळख १६६४ मध्ये बकाला येथे पटवून देणारा मक्खनशाह लबाना व्यापारी होता आणि १६७५ मध्ये दिल्लीत त्यांचा शिरच्छेद झाल्यावर धड उचलून नेऊन स्वतःच्या घरासकट त्यांचा अंत्यसंस्कार करणारा लखीशाह वंजारा. दिल्लीतला गुरुद्वारा रकाबगंज त्याच जागी उभा आहे. महाराष्ट्रात मात्र एक घोटाळा नेहमी होतो. वंजारी आणि बंजारा यांना एकच समजले जाते, पण समाज म्हणून ते वेगळे आहेत. घाटावरच्या वाटांवर बैल हाकण्याचा पूर्वीचा धंदा तेवढा सारखा.

फौजांना तर बंजाऱ्यांवाचून गत्यंतर नव्हते. लाखभर माणसांची छावणी रोज खाते आणि शत्रूच्या मुलखात ते अन्न विकत मिळत नाही. बंजारे दोन्ही बाजूंना धान्य विकत आणि त्यामुळे सहसा कोणीही त्यांना लुटत नसे. मोगलांचे सरदार दख्खनवर उतरले तेव्हा बंजाऱ्यांचे नायकही त्यांच्याबरोबर दक्षिणेत आले. तांड्यातल्या राठोड, पवार, चव्हाण, जाधव या कुळींच्या कथाही राजस्थानचाच हवाला देतात. मराठ्यांच्या आणि निजामाच्या छावण्यांनाही धान्य याच मार्गाने येई. १७९१ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचला, पण ओझ्याची जनावरे मेली, धान्य संपले आणि त्याला जड तोफा निकामी करून माघार घ्यावी लागली. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली, तेव्हा तिच्या भरलेल्या बाजाराने इंग्रज शिपायांची उपासमार टळली. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन रीड याच्यामार्फत बंजाऱ्यांशी पद्धतशीर करार केले आणि श्रीरंगपट्टणच्या १७९२ च्या वेढ्यात धान्याची ददात पडली नाही. पुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने हा धडा गिरवला. १८०३ मध्ये अहमदनगर घेऊन तो असईकडे वळला तेव्हा म्हैसूरकडून आणलेले बंजारे त्याच्या मागे होते. असईच्या लढाईच्या वर्णनांत तोफा आणि घोडदळ भरपूर येतात, गोण्या क्वचित.

ज्या कंपनीला बंजाऱ्यांनी पोसले, तिच्याच राज्यात त्यांचा धंदा बुडाला. १८१८ नंतर दख्खनमधल्या मोठ्या लढाया संपल्या आणि छावणीचे गिऱ्हाईक गेले. मिठावर सरकारी मक्ता आणि जबर कर आला. कर चुकवून मीठ येऊ नये म्हणून सिंधूपासून ओडिशाच्या सीमेपर्यंत नाक्यांची रांग उभारली गेली आणि तिचा बराच भाग काटेरी झुडपांच्या जिवंत कुंपणाने बंद केला गेला. त्यावर सुमारे १२ हजार माणसे पहारा करत. ही रेषा १८७९ मध्ये उठली खरी, पण तोपर्यंत रेल्वेने काम संपवले होते. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट १८६५ मध्ये ओलांडला गेला, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. तांड्याला जे अंतर काटायला महिने लागत, ते आगगाडी दोन-तीन दिवसांत पार करू लागली. दूरच्या खेड्यांत बैल आणखी काही दशके चालले, पण मोठ्या बाजारांची वाट त्यांच्यासाठी बंद झाली.

धंदा गेलेल्या फिरत्या लोकांकडे सरकार संशयाने पाहू लागले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई-मद्रास इलाख्यांनाही लागू झाला. नाव नोंदवायचे, ठरावीक वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही असे त्याचे स्वरूप होते आणि बंजाऱ्यांच्या काही गटांचीही त्यात नोंद झाली. लूटमार करणारी काही टोळकी त्यांच्यात होती हे खरे, पण जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याचे त्याने समर्थन होत नाही. ज्याचे पोट चालण्यावर होते, त्याच्या चालण्यालाच इथे गुन्ह्याची कळा आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

या सगळ्या काळात तांडे जागोजाग स्थिरावत गेले, मुख्यतः गावाबाहेर माळावर किंवा जंगलाच्या कडेला. कोणी गुरांचा व्यापार धरला, कोणी जमीन केली, कोणी खडी फोडली. विदर्भ, मराठवाडा, तेलंगण आणि उत्तर कर्नाटक हा त्यांचा सर्वांत दाट वस्तीचा पट्टा झाला. अठराव्या शतकातले संत सेवालाल महाराज यांचे वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी हे स्थान सर्व राज्यांतल्या गोर समाजाचे तीर्थ आहे. पुसदजवळच्या गहुली तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. दुसरीकडे दसऱ्यानंतर मराठवाड्यातून साखरपट्ट्याकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत तांड्यांवरची हजारो कुटुंबे असतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर आरसे-कवड्यांचे दागिने आणि पिशव्या विकणाऱ्या लमाण बायका बहुतेक कर्नाटकातून आलेल्या आहेत.

पेहराव आणि भाषा मात्र टिकून राहिली. घेरदार फेटिया (घागरा), आरशांची कांचळी (चोळी), कशिद्याची ओढणी आणि कोपरापासून दंडापर्यंत बलिया (बांगड्या) हा जुन्या बायांचा वेश आता बहुतेक सणावारी दिसतो, पण त्यावरच्या भरतकामाला नवा बाजार मिळाला आहे. बळ्ळारीजवळच्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. तीजच्या सणात कुमारिका टोपल्यांत गहू रुजवतात आणि होळीला नवजात मुलाचा ‘धुंड’ हा संस्कार होतो. गोरबोली ही राजस्थानीशी नाते सांगणारी भाषा. तिला स्वतःची लिपी नाही, म्हणून ती महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नडमध्ये आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. जनगणनेत तिचे भाषक हिंदीच्या खात्यात मोजले जातात.

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेने तांड्यांच्या दाट वस्तीचा हा पट्टा तीन-चार राज्यांत विभागला आणि एकाच समाजाला वेगवेगळे सरकारी दर्जे मिळाले. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत आहेत. तेलंगणातले लंबाडे १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानंतर अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रात बंजारा हे विमुक्त जातींच्या यादीत आहेत. मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने तेलंगणातल्या सोयऱ्यांना जो दर्जा आहे तो आपल्याला का नाही, हा प्रश्न तिथल्या तांड्यांवरून सातत्याने विचारला जातो आणि अनुसूचित जमातीच्या यादीत समावेशाची मागणी अजून निकालात निघालेली नाही.